आतल्या लाकडी झडपा: कोपरा घासतो, पट्ट्या मिटतात, दांडी निसटली. घरीच दुरुस्ती कशी करावी?

कवडसा

आमच्या खिडक्यांना काचेच्या आतल्या बाजूने लाकडी झडपा आहेत. एकेका खिडकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेत आडव्या हलत्या पट्ट्या आणि त्या सगळ्या एकदम फिरवायला समोरून उभी दांडी. लाकूड भरीव आहे, कुजलेलं कुठेच नाही. पण वर्षानुवर्षं नुसता रंगावर रंग चढला, देखभाल अशी कुणी केली नाही.

तक्रारी अशा आहेत. एका झडपेचा बिजागरीपासून लांबचा खालचा कोपरा चौकटीवर घासतो, उचलून लावावी लागते. दुसरीत पट्ट्या उघड्या ठेवल्या की हळूहळू आपोआप मिटतात. तिसरीत दांडी मधल्या दोन पट्ट्यांपासून सुटली आहे, त्यामुळे त्या दोन बाकीच्यांबरोबर फिरत नाहीत. एक पट्टी टोकाशी चिरली आहे. आणि जवळजवळ सगळीकडे पट्ट्या मिटल्या की रंगाने एकमेकींना चिकटतात, उघडताना चरचरतात.

आतापर्यंत दोन सल्ले मिळाले. एक, घासतंय तिथे रंधा मारा. दोन, सगळं काढून पडदे लावा. पडदे नकोत. उजेड हवा तेवढाच घ्यायचा, वारा येऊ द्यायचा आणि तरी बाहेरून आतलं दिसू द्यायचं नाही, हे पडद्याला जमत नाही. सुरुवात कुठून करू? हाताशी पेचकस, पक्कड, हातोडी, छोटं ड्रिल आणि एक पटाशी आहे.

सुतारपक्षी

रंधा सगळ्यात शेवटी. आधी झडप का घासते ते शोधा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, आणि घासणारी जागा ही बहुतेक वेळा दोषाची जागा नसतेच.

झडप जवळजवळ लावा आणि चारी बाजूंची फट नीट बघा. बिजागरीच्या बाजूला वरची फट रुंद आणि खालची अरुंद दिसली, मोकळा कोपरा खाली टेकला, तर वरची बिजागरी सुटत चालली आहे. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून ओढतं आणि खालचीला चौकटीवर दाबतं. म्हणून सैल होते ती बहुतेक वेळा वरची, आणि घासतो तो खालचा कोपरा. तिथे रंधा मारलात तर काही दिवस बरं वाटेल, बिजागरी आणखी सुटेल आणि झडप पुन्हा टेकेल. मधल्या काळात खालची कड तिरकी होऊन बसेल.

मोकळ्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच बारीक असेल, तर लाकूड फुगलं आहे किंवा रंगाचा थर साचला आहे. तो वेगळा विषय.

आता दुसरी तपासणी. झडप अर्धी उघडा, मोकळ्या बाजूला खालून हात घालून हलकेच वर उचला आणि वरच्या बिजागरीकडे बघा. बिजागरीचा पत्रा लाकडापासून हलतो का? मग स्क्रूची भोकं मोकळी झाली आहेत. पत्रा स्थिर आहे पण मधली कडी खुळखुळते? मग बिजागरीची पिन झिजली आहे, बिजागरी बदला. दोन्ही स्थिर आहेत आणि झडपेच्या कोपऱ्यातच फट उघडमीट करते? मग सांधा सुटला आहे. आधी हे तीनांपैकी कुठलं ते सांगा.

काटकोन

सुतारपक्षी म्हणतात त्याला पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. झडप लावताना शेवटच्या बोटभर अंतरात स्प्रिंगसारखी परत उघडत असेल, तर तो घासण्याचा दोष नाही. बिजागरी चौकटीत गरजेपेक्षा खोल बसली आहे, किंवा स्क्रूची डोकी वर राहून दोन पत्रे एकमेकांवर आपटतात, किंवा पत्र्यांमध्ये रंग भरला आहे. डोकी नीट खाली बसवा, रंग खरवडा, आणि खोली जास्त असेल तर पत्र्यामागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला.

हाच पुठ्ठा झडप सरळ करायलाही वापरतात. वरची बिजागरी घट्ट असूनही मोकळा कोपरा किंचित खाली असेल, तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा घाला. खालची बाजू चौकटीपासून ढकलली जाते आणि मोकळी कड वर उचलली जाते. पुष्कळ जण वरच्या बिजागरीमागे पुठ्ठा घालतात, त्याने कोपरा आणखी खाली येतो.

कवडसा

तपासलं. वरच्या बिजागरीचा पत्रा हलतो. दोन स्क्रू नुसतेच गोल फिरतात, घट्ट होतच नाहीत. पण गंमत म्हणजे दुसऱ्या खिडकीतल्या एका झडपेचा कोपराही उघडतोय, ती घासत नव्हती म्हणून तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

सुतारपक्षी

चांगलं झालं, आत्ताच कळलं.

स्क्रूचं आधी. एका वेळी एकच स्क्रू काढा, म्हणजे झडप खाली येणार नाही, तरीही खाली पुस्तकांचा गठ्ठा किंवा पाचर देऊन वजन तोलून धरा. भोकातला रंग, भुसा, जुना गोंद काडीने साफ करा. लाकडाच्या बारीक काड्या करा, माचिसच्या काड्यांची गुलाची टोकं काढून त्याही चालतात. पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात ठासा, अगदी घट्ट होईपर्यंत. वाळल्यावर पृष्ठभागाशी सपाट कापा. मग मधोमध बारीक भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांचा नव्हे तर मधल्या दांड्याच्या जाडीएवढं, आणि स्क्रू हाताने फिरवा. ड्रिलने शेवटचा आवळा देऊ नका, नवं भरलेलं लाकूड तिथेच फाटतं.

भोक फारच मोठं झालं असेल तर काड्यांनी भागत नाही. ८ मिमीचं स्वच्छ भोक पाडून तेवढ्याच जाडीची लाकडी खुंटी गोंद लावून ठोका आणि तिच्यात नवीन भोक पाडा. फक्त एक लक्षात ठेवा, खुंटीच्या टोकातून आत जाणारा स्क्रू धाग्याच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, दिशेने जातो आणि त्याची पकड कमी असते. जमत असेल तर खुंटी अशी निवडा की स्क्रू तिच्या आडव्या धाग्यात जाईल, म्हणजे खुंटीऐवजी आडव्या धाग्याचा छोटा ठोकळा कोरून बसवा. काम थोडं वाढतं पण वर्षानुवर्षं टिकतं.

चौकटीच्या बाजूला जागा असेल तर लांब स्क्रू हा सोपा उपाय आहे. झडपेच्या बाजूला मात्र लांब स्क्रू घालण्याआधी झडपेचा उभा तुकडा किती जाड आहे आणि त्यात पट्टीची पिन (पट्टी जिच्यावर फिरते ती टोकाची खुंटी) कुठे येते ते बघा. स्क्रूचं टोक पिनेला टेकलं तर ती पट्टी कायमची अडकेल.

पितळी स्क्रू असतील तर पितळ मऊ असतं, आवळताना डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, आटे तयार होतात, मग मेणबत्ती घासून पितळी घाला.

रंगारी

माझा थोडा वेगळा अनुभव. दमट दिवसांत झडपा फुगतात हे खरंच आहे आणि तेव्हा रंधा मारल्याशिवाय लागतच नाहीत. प्रत्येक वेळी बिजागरीलाच दोष देता येणार नाही.

काटकोन

रंगारी, फुगतात हे बरोबर. पण किती फुगतात ते मोजून बघू.

लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतं, धाग्याच्या लांबीत जवळजवळ नाही. झडपेची रुंदी बघा: दोन बाजूंना दोन उभे तुकडे, आणि मधे आडवे तुकडे. आडव्या तुकड्यांचा धागा रुंदीच्याच दिशेने जातो, म्हणजे ते रुंदीत वाढत नाहीत. वाढतात फक्त दोन उभे तुकडे. प्रत्येकी ५ सेंमी रुंद धरले तर आडवा धागा एकूण १० सेंमी झाला. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला तर या १० सेंमीत साधारण १ मिमी फरक पडतो, जातीनुसार थोडा कमी-जास्त. दोन झडपा असतील तर २ मिमी.

आता रंग. ब्रशच्या एका हाताचा वाळलेला थर साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी असतो. दोन झडपांच्या चार कडा आणि चौकटीच्या दोन, अशा सहा कडांवर पाच-पाच हात चढले की ०.९ ते १.५ मिमी जागा गेली. म्हणजे मुळात फट ठेवणाऱ्याने हिशेब बरोबर केला होता, ती फट रंगाने खाल्ली. दमट दिवसांत लाकडाला फुगायला जागा उरली नाही. तेव्हा आधी कडांचा रंग उतरवा. त्यानंतरही घासलं तरच रंधा, आणि तोही कोरड्या दिवसांत. दमट हवेत फुगलेल्या मापावर रंधा मारलात तर कोरड्या दिवसांत मधे उजेडाची रेघ दिसेल.

आणि उघड्या लाकडाला ओलावा लगेच लागतो. म्हणून वरच्या आणि खालच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे, रंग किंवा वॉर्निश नक्की लावा. उभ्या तुकड्यांची टोकं तिथेच उघडी असतात आणि टोकाकडून पाणी सगळ्यात वेगाने शिरतं.

रंगारी

हा हिशेब पटला. कडांच्या थरांचा विचार मी वेगळा करत नव्हतो.

मग रंग उतरवण्याचं मी सांगतो, ते माझं काम आहे. पहिली गोष्ट: जुन्या घरातल्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. ती धूळ श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तिने कायमचा अपाय होतो. तपासून घ्या. शंका असेल तर ओलं घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मुलं आणि गरोदर बाई यांना त्या खोलीत येऊ देऊ नका, धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या. चेहऱ्यावर नुसता रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा.

गरम हवेचं यंत्र खिडकीवर लावलेल्या झडपेवर वापरू नका, मागची काच तडकते. झडप काढून बाहेर नेऊन करा, आणि शिशाची शंका असेल तर अजिबात नको, तापलेल्या रंगाची वाफ आणखी वाईट. रंग काढायचं रसायन वापरत असाल तर पट्ट्यांच्या टोकाशी, जिथे प्लॅस्टिकची पिन असते, तिथे लागू देऊ नका.

पट्ट्या चिकटलेल्या असतील तर झटका देऊन उघडू नका, दांडीचे खिळे उपटून येतील. पातळ धारदार पातं पट्टी आणि उभ्या तुकड्याच्या फटीतून, मग दोन पट्ट्यांच्या मधून फिरवा. रंगाची साय कापली की पट्टी स्वतःहून सुटते. नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२०.

कवडसा

रंगारी, रंग नवीन असूनही चिकटतो का? एका खोलीत अलीकडेच पाण्याच्या पातळ रंगाने रंगवलं, तिथेच सर्वांत जास्त चरचर आहे.

रंगारी

हो, आणि त्याचं कारण वेगळं आहे. पाण्याचा रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवले तर ते धरून बसतात. भिंतीचा रंग झडपांना मारला असेल तर तो कडक झाल्यावरही थोडा चिकटच राहतो, कारण भिंतीला एकमेकींवर मिटायचं नसतं. झडपांना दारं-खिडक्यांसाठीचा कडक होणारा रंगच घ्या.

सध्यापुरतं: महिनाभर पट्ट्या आडव्या, उघड्या ठेवा. मग जिथे पट्टीवर पट्टी टेकते त्या कडेवर मेणबत्तीचं पांढरं मेण हलकेच घासा. सिलिकॉनचा फवारा मारू नका. चरचर थांबेल, पण तो लाकडात आणि रंगात राहतो आणि पुढच्या वेळी रंग मारताना जागोजागी खड्डे पडतात, रंग धरतच नाही.

खालचा थर तेलाचा आहे की पाण्याचा ते बघायला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस लपलेल्या जागी घासा. कापसावर रंग उतरला तर पाण्याचा, नाहीतर तेलाचा. तेलाच्या रंगावर थेट पाण्याचा रंग मारू नका, घासून प्रायमर द्या, नाहीतर सालं निघतील.

जुनंलाकूड

रंग नसून पॉलिश असेल त्यांच्यासाठी: हाच स्पिरिटचा कापूस पॉलिशवर ठेवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. त्यावर स्पिरिट असलेलं कुठलंही साफ करायचं द्रव कधीही लावू नका, पांढरे डाग पडतात किंवा पॉलिशच निघतं. चांगली गोष्ट अशी की लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे सगळं उतरवावं लागत नाही.

पेचकस

पट्ट्या आपोआप मिटतात त्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

समोरची दांडी पट्ट्यांच्या पुढच्या कडेला अडकवलेली असते. तिचं सगळं वजन पट्ट्यांना खाली ओढतं. पट्ट्या उघड्या राहतात त्या फक्त टोकांशी होणाऱ्या घर्षणामुळे. घर्षण कमी झालं की त्या मिटतात. म्हणून पिनांना तेल घालणं हा उलटा उपाय आहे, तेल घातलं तर दुसऱ्या दिवशी एकही पट्टी उभी राहणार नाही. वर तेलावर धूळ बसून काळा लगदा होतो तो वेगळाच.

झडपेच्या उभ्या तुकड्याची बाहेरची कड बघा, बिजागरी असते ती किंवा तिच्या समोरची. उंचीच्या साधारण मध्यावर एखादं छोटं भोक किंवा स्क्रूचं डोकं असेल, पुष्कळदा रंगाखाली दडलेलं. तो ताणाचा स्क्रू. तो आतल्या एका पट्टीच्या पिनेवर दाब देतो आणि दांडीमुळे त्या एका पट्टीचा अडसर सगळ्यांना पुरतो. पाव वळसा आवळा, पट्ट्या फिरवून बघा, लागल्यास आणखी पाव. एकदम पूर्ण आवळलात तर पिन तुटते. झडपेच्या मधे आडवा तुकडा असेल तर वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळा स्क्रू असतो.

असा स्क्रूच नसेल, जुन्या झडपांत नसतोही, तर दोन-तीन पट्ट्यांच्या टोकाशी पातळ नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या) चकत्या घाला. नमदा एका बाजूने चिरा, पिनेवर बसवा. चकती पट्टी आणि उभ्या तुकड्याच्या मधे दाबून बसली की काम झालं. सगळ्या पट्ट्यांना घालू नका, दांडी जड होते.

कवडसा

स्क्रू सापडला! रंगाखाली होता, नखाने खरवडल्यावर खाच दिसली. अर्ध्या वळशात पट्ट्या जागेवर राहायला लागल्या. पेचकस, मनापासून आभार.

आता दांडी आणि चिरलेली पट्टी.

पेचकस

दांडीचा सांधा नीट बघा. एक यू आकाराचा तारेचा खिळा पट्टीच्या कडेत, दुसरा दांडीत, आणि दोन्ही एकमेकांत साखळीच्या कड्यांसारखे अडकवलेले. सुटलेल्या जागी बहुतेक पट्टीतला खिळा उपटून आलेला असतो, कारण पट्टीची कड पातळ आहे.

खिळा सरळ असेल तर जपून ठेवा. पट्टीतल्या भोकांत दातकोरणीचं टोक गोंद लावून घाला, मोडा, वाळू द्या, सपाट करा. वाळल्यावर सुईएवढ्या ड्रिलने, १ मिमीच्या, दोन भोकं पाडा. भोकं न पाडता खिळा ठोकलात तर पट्टी चिरते. खिळा दांडीच्या खिळ्यात अडकवून मग पक्कडीने हळू दाबा. पूर्ण आत दाबायचा नाही. शेजारच्या चांगल्या पट्टीचा खिळा जेवढा बाहेर आहे तेवढाच बाहेर ठेवा, नाहीतर दांडी त्या जागी आखडते आणि बाकीच्या पट्ट्या नीट मिटत नाहीत. गोंद कडीवर येऊ देऊ नका.

सुतारपक्षी

चिरलेली पट्टी: चीर धाग्याच्या दिशेने आहे, म्हणजे दुरुस्ती मजबूत होते, चिंता नको. पातळ पात्याने चीर अगदी किंचित उघडा, पांढरा गोंद थोडं पाणी घालून पातळ करा आणि दाढीच्या ब्लेडने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने आत खोल पोहोचवा. दोन-तीन वेळा उघडमीट केली की गोंद आत ओढला जातो. बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसा. वर आणि खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवून दोन सरळ पट्ट्यांमध्ये दाबून बांधा. तासाभराने सोडता येतं, पण पट्टी फिरवायची दुसऱ्या दिवशी. चीर पिनेच्या भोकापर्यंत गेली असेल तर पिन आधी काढा, नाहीतर पिनच पट्टीला चिकटेल.

पिन तुटली असेल तर दोन प्रकार. प्लॅस्टिकच्या पिना असलेल्या झडपांसाठी स्प्रिंगची दुरुस्ती पिन मिळते, तिला एक छोटं दातेरी चाक असतं. तुटकं खोड काढून ती पट्टीत बसवतात, टोक आत दाबलेलं असतं, पट्टी जागेवर धरली की चाक फिरवून टोक उभ्या तुकड्याच्या भोकात सोडायचं. पूर्ण झडप उलगडावी लागत नाही.

जुन्या झडपांत पट्टीच्याच लाकडात टोकाशी कोरलेली गोल खुंटी असते. ती तुटली तर खोड सपाट कापा, मधोमध भोक पाडा, त्याच जाडीची पितळी किंवा लाकडी काडी बसवा. पट्टी परत आत कशी घालायची? एका बाजूच्या उभ्या तुकड्यातलं भोक दुप्पट खोल करा. पट्टी त्या बाजूला खोल ढकला, दुसरं टोक समोरच्या भोकासमोर आणा आणि अर्धं मागे सरकवा. दोन्ही टोकं भोकात राहतात. खोल भोकात स्पंजाचा तुकडा घातला तर पट्टी परत तिकडे सरकत नाही.

काटकोन

आता उघडणारा कोपरा. ही झडप काढावी लागेल. काढण्याआधी प्रत्येक झडपेच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा: कुठली खिडकी, डावी की उजवी. सारख्या दिसल्या तरी त्या सारख्या नसतात.

सांध्यात नुसता वरून गोंद ओतू नका. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा जितका उघडतो तितका उघडा, जुना गोंद पटाशीच्या टोकाने खरवडा. फार जुनी झडप असेल आणि गोंद तपकिरी, काचेसारखा फुटणारा असेल तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो, त्यावर नवा सरस छान बसतो. पण पांढरा गोंद लावायचा असेल तर तो पूर्ण काढा.

गोंद लावून झडप सपाट जमिनीवर प्लॅस्टिकवर ठेवा, लांब क्लॅम्प लावा. क्लॅम्प नसेल तर दोरीचा फास करून त्यात काठी पिळा. मग दोन्ही कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प तिरका करून थोडा दाब द्या, सारखे होईपर्यंत. गोंद ओला असताना एवढं एक केलंत की पुढे कुठेच घासणार नाही. आणि अंगातला सगळा जोर लावून आवळू नका, गोंद सगळा बाहेर येतो आणि सांध्यात काही उरत नाही.

तिसरामजला

मधेच विचारतो. आमच्याकडच्या झडपा भरीव लाकडाच्या नाहीत. काहींच्या कडा फुगून पापुद्रे सुटल्यासारख्या झाल्यात, स्क्रूही धरत नाहीत. दुसऱ्या खोलीत प्लॅस्टिकच्या आहेत, उन्हाच्या खिडकीत त्यांच्या पट्ट्या मधे वाकल्या. यातलं काय चालेल?

सुतारपक्षी

कडा फुगलेल्या म्हणजे एमडीएफ, लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड. त्याच्यात धागा नसतो, पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळल्यावर परत बसत नाही. फुगलेला भाग घासून सपाट करा, पातळ गोंदाचा किंवा सीलरचा हात द्या, मग लांबी (पुट्टी), प्रायमर, रंग. स्क्रूसाठी काड्यांपेक्षा दोन घटकांचा इपॉक्सी भरा आणि तो कडक झाल्यावर भोक पाडा. कडेच्या बाजूने स्क्रू घालताना भोक न पाडता घातलात तर एमडीएफ थरांमध्ये फाटतं.

प्लॅस्टिकची वाकलेली पट्टी गरम करून सरळ करायच्या फंदात पडू नका. ती तात्पुरती सरळ होते आणि उन्हात पुन्हा वाकते. काच आणि झडप यांच्यामध्ये कोंडलेली हवा बाहेरच्यापेक्षा खूप तापते. तिथे पट्टी बदला आणि कडक उन्हाच्या वेळी पट्ट्या पूर्ण मिटून ठेवण्याऐवजी किंचित उघड्या ठेवा, हवा वर निघून जाते. थिनर लावू नका.

जुनंलाकूड

सगळे सांध्यांबद्दल लिहीत आहेत, कुणी किडीबद्दल लिहिलं नाही. पट्टीखाली किंवा खिडकीच्या कट्ट्यावर पिठासारखी बारीक पूड दिसली आणि लाकडात १ ते २ मिमीची गोल भोकं असतील तर भुंगेऱ्याची अळी आतून खाते आहे. भोक म्हणजे कीड बाहेर पडल्याची खूण. पुडीऐवजी वाळूसारखे सहा पैलूंचे कण पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या असतील तर जमिनीतून येणारी वाळवी, आणि मग प्रश्न झडपेचा नाही, भिंतीचा आहे.

जुनी भोकं आणि चालू कीड यात फरक करायला भोकं मेणाने बुजवा, खाली काळा कागद ठेवा. काही आठवड्यांनी पूड पडली किंवा नवं भोक दिसलं तरच उपचार. बोरॅक्सच्या जातीचं औषध उघड्या लाकडातच शिरतं, रंगावरून मारून उपयोग नाही. गोंद आणि रंगाच्या आधी हे बघून घ्या, पोखरलेल्या लाकडाला स्क्रू धरणार नाही.

काळजीवाहू

पॉलिशवाल्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेतं. ठिणगी लागत नाही. फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. मग टाका.

तिसरामजला

हे माहीत नव्हतं. घरात तेल लावलेली फडकी होती, लगेच पसरून ठेवली.

नवशिका

दुरुस्ती झाल्यावर रोजची निगा कशी राखायची? पट्ट्या पुसताना हात दुखतात.

रंगारी

पट्ट्या पूर्ण खाली मिटवा, वरून खाली कोरड्या मऊ ब्रशने किंवा फडक्याने एक हात फिरवा. मग उलट्या दिशेने मिटवून दुसरी बाजू. एकेक पट्टी उघडी धरून पुसण्यात दांडीवर ताण येतो. धूळ आठवड्याला काढली तर पाणी लागतच नाही. तेलकट चिकट धूळ असेल तर पिळून काढलेलं साबणपाण्याचं फडकं, लगेच कोरडं. पाणी पट्टीच्या टोकाशी साचू देऊ नका. काचेवर सकाळी दव धरत असेल तर झडपा थोडा वेळ उघडा, नाहीतर मागच्या बाजूला बुरशी येते.

काटकोन

आणि दमट दिवस संपल्यावर एकदा सगळे बिजागरीचे स्क्रू पेचकसने हाताने तपासा. सैल स्क्रू लगेच आवळला तर भोक मोठं होत नाही. बिजागरीच्या पिनेला मात्र तेलाचा एक थेंब चालतो, तिथे घर्षण नको आहे.

कवडसा

घासणारी झडप आता नीट लागते. स्क्रू भरले, कडांचा रंग उतरवला, रंधा लागलाच नाही. सांधा गोंद लावून आवळला, कर्ण सारखे आले. दांडीही जोडली. रंग कोरड्या दिवसांत करणार.

एकच उरलंय. एका खोलीतल्या झडपांना समोर दांडी नाही, एक पट्टी फिरवली की सगळ्या फिरतात. त्यात मधली एक पट्टी बाकीच्यांपेक्षा तिरकी राहते. खोलून बघू का?

पेचकस

लगेच खोलू नका. आधी झडपेच्या मागे बघा. पट्ट्यांच्या मागच्या कडेला टोकाशी बारीक धातूची पट्टी असेल तर ती दांडीच आहे, फक्त मागे नेलेली. तिथे तिरक्या पट्टीचा छोटा स्क्रू सुटला असेल, परत लावा.

मागे काहीच नसेल तर उभ्या तुकड्याच्या आत दातेरी चक्रं आहेत. अशा पुष्कळ झडपांत पट्टीवर जास्त जोर आला की ती मुद्दाम एक दात सरकते, म्हणजे काही तुटत नाही. बाकीच्या पट्ट्या एका हाताने पूर्ण मिटवून धरा आणि तिरकी पट्टी दोन्ही टोकांशी धरून त्याच दिशेने हळू पण ठामपणे ढकला. मधोमध धरून ढकलू नका, पट्टी वाकते. टक असा आवाज येऊन ती रांगेत बसते. बसून लगेच पुन्हा सरकत असेल तर त्या पट्टीचं चक्र झिजलं आहे, तेव्हा उभा तुकडा सोडवून तेवढं एक चक्र बदलावं लागेल. त्या वेळी बाकीच्या सगळ्या पट्ट्या आडव्या करून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने बांधून ठेवा, नाहीतर एक बसवताना दुसऱ्या सरकतील.